माझं हृदय अजून राखाडीतच आहे

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द फार मनावर घेऊ नकोस. सध्या कमरेतून वाकता येत नाही, त्यामुळे मी मनातल्या मनात वाकलो आहे.) तुझ्या मनगटाचं प्लास्टर निघालं का? निघालं असेल तर लगेच बादल्या उचलायला लागू नकोस. भावजींचा डावा कान कसा आहे? ते म्हणतात तितका बंद आहे, की तू बोलतेस तेवढ्यापुरताच बंद आहे? इथं आम्ही सगळे सुखरूप आहोत असं पुढं लिहायची पद्धत असते. मी ते लिहिणार नाही. अडतीस वर्षं नर्स असलेल्या बहिणीला खोटं काय लिहायचं? तुझा भाऊ पार खचला आहे, आणि त्याला खचवणारी वस्तू छातीला बांधायचा एक ओला पट्टा आहे.

सगळं मुळापासून सांगतो. माझा धंदा तुला माहीत आहे. दिवसभर स्टुलावर बसायचं, दिव्याखाली मान घालायची आणि अनोळखी माणसांच्या कवळ्या करायच्या. या धंद्यात शरीराला एकच व्यायाम होतो, तो म्हणजे गुलाबी मेण तापवण्यासाठी दिव्याकडे हात नेणे. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी माझा रक्तदाब घेतला तेव्हा त्यांनी तो तीनदा घेतला. तिसऱ्यांदा तर शेजारच्या खोलीतून दुसरं यंत्र मागवलं, कारण स्वतःच्या यंत्रावरून त्यांचा विश्वास उडाला होता. नाडीही पळत होती. त्यांनी एक गोळी दिली. रक्तदाब उतरवते आणि हृदयालाही सावकाश चालायला लावते अशी. रोज घ्यायची, आणि मनानं बंद करायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली.

घरी येऊन हिला सांगितलं, सगळं नॉर्मल.

का, ते तुला समजेल. हिचे वडील चोपन्नाव्या वर्षी वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच गेले. मी आता त्रेपन्नाचा. मी पन्नाशी ओलांडल्यापासून ही मला खुर्चीत स्वस्थ बसू देत नाही. दहा मिनिटं माझा आवाज आला नाही की स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, ऐकताय ना?" मी हूं म्हटलं की तिचं काम पुढं सुरू होतं. अशा बाईला मी गोळीचं सांगितलं असतं, तर तिनं रात्रभर माझ्या नाकाखाली बोट धरून जागरण केलं असतं. म्हणून गोळ्यांची पाकिटं मी दुकानात, 'वरच्या दाढा' असं लिहिलेल्या डब्यात ठेवली, आणि ती आणायला आपल्या गल्लीतला औषधवाला सोडून दोन चौक पलीकडं जायला लागलो. (तेवढं चालणं डॉक्टरांना पुरेसं वाटलं असतं, तर हे पत्र इथंच संपलं असतं.)

पण माझ्या खोट्याचा परिणाम भलताच झाला. ही म्हणाली, "सगळं नॉर्मल आहे ना? मग आता तुमच्याकडं सबबच उरली नाही." आणि हेच पाच महिने ऐकवून गेल्या महिन्यात तिनं आम्हा दोघांची नावं एका हृदयाच्या ठोक्यांवर चालणाऱ्या व्यायामवर्गात घालून टाकली. नावनोंदणीच्या फॉर्मवर 'काही औषधं चालू आहेत का' असा एक रकाना होता. ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं.

वर्ग सकाळी सहाला, एका जुन्या फर्निचरच्या शोरूममध्ये. खांबावर अजून 'सोफा कम बेड' असं रंगवलेलं आहे, आणि त्या खोलीत मला खरं आकर्षण वाटलं ते तेवढ्याच तीन शब्दांचं. चोवीस माणसं. अर्धी पळत्या पट्ट्यावर, अर्धी वल्ही मारायच्या यंत्रावर. प्रत्येकानं छातीला एक पट्टा बांधायचा, तोही आधी पाण्यात भिजवून. तो तुमच्या हृदयाचे ठोके मोजतो आणि समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर टाकतो. प्रत्येकाचा एक चौकोन, त्यात नाव, आकडा आणि रंग. राखाडी म्हणजे विश्रांती. निळा म्हणजे जाग आली. हिरवा म्हणजे बरं चाललंय. नारिंगी म्हणजे खरी मेहनत, आणि लाल म्हणजे अगदी शर्थ. नारिंगीत एक मिनिट राहिलात की एक गुण. एका वर्गात बारा गुण मिळाले की तुम्ही माणसात. आमची कोच म्हणजे तुझ्या धाकट्या लेकीच्या वयाची मुलगी, कानापाशी माईक लावलेली. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "काका, काय लिहू?" मला वाटलं ती धंदा विचारते आहे. तेव्हापासून मी पडद्यावर 'कवळी' आहे. हिला ते इतकं आवडलं की तिनं आपल्या शाळेतल्या विषयाचं नाव दिलं. ती 'भूगोल'.

आता माझी दशा ऐक. भूगोल तिसऱ्या मिनिटाला हिरव्यात, सातव्याला नारिंगीत. कवळी राखाडीत. मी पळत होतो गं! घाम डोळ्यांत जात होता, मांड्या थरथरत होत्या, तोंडातून असे आवाज येत होते की शेजारच्यानं आपल्या यंत्राला तेल लागेल का ते तपासलं. मान वर करून बघितलं, तर पडद्यावर मी विश्रांती घेत होतो. माईकवरून चोवीस जणांना ऐकू जाईल असं ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "कवळी काका, सुरुवात करू या का?"

असं रोज. ती गोळी हृदयाला वर चढूच देत नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात उत्तेजन म्हणून मला पहिल्या रांगेत आणलं. तिसऱ्या आठवड्यात कोच मुलीनं माझा पट्टा बिघडला असेल म्हणून तो बदलला. नवा पट्टा जुन्याहून प्रामाणिक निघाला. मी वर्गाआधी दोन कप काळी कॉफी पिऊन पाहिली, त्यानं फक्त पोट बिघडलं. एकदा विमा कंपनीतला एक उंच गृहस्थ (सदा लाल, सदा हसतमुख) हिला वल्ही धरायची पद्धत शिकवायला वाकला. ताई, मी आतून पेटलो! सव्वीस वर्षांच्या संसारात मला असं कधी झालं नव्हतं. निदान आता तरी, म्हणून पडद्याकडं पाहिलं. कवळी: राखाडी.

यात हसण्यासारखं आहे हे मला समजतं. पण घरी येताना ही रस्त्यात माझ्या चार पावलं पुढं चालायला लागली, तेव्हा हसू येईना. एकदा रस्ता ओलांडता ओलांडता म्हणाली, "तुमचं मनच नसतं कशात. नाव घातलं मी, उठवते मी, पळतेही मीच." मी म्हटलं, "मी जीव तोडून पळतो." ती म्हणाली, "दिसतं की पडद्यावर." आजवर नवऱ्याचं मन आहे की नाही हा वादाचा विषय असायचा. आता भिंतीएवढा पुरावा होता.

त्यातच महिनाअखेरीला जोड्यांची स्पर्धा जाहीर झाली. नवरा-बायको, मायलेकी, कुणीही. पण जोडीतल्या दोघांनाही त्या दिवशी किमान बारा गुण हवेत. हिनं नाव दिलं नाही. विचारलंसुद्धा नाही. यादी वाचून शांतपणे पुढं गेली. ते मला फार लागलं. मी परत जाऊन दोघांचं नाव लिहिलं, आणि त्या रात्रीपासून गोळी बंद केली.

शिव्या पुढच्या परिच्छेदासाठी राखून ठेव.

तीन दिवस गोळी नाही. शनिवारी, स्पर्धेच्या सकाळी, पळत्या पट्ट्यावर पाय ठेवला आणि दुसऱ्या मिनिटाला निळा, पाचव्या मिनिटाला हिरवा. ताई, हिरवा रंग इतका सुंदर असतो हे मला त्रेपन्न वर्षं कुणी सांगितलं नाही. मग नारिंगी! मुलगी माईकमध्ये किंचाळली, सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला, विमावाल्यानं 'कवळी, कवळी' असा गजर सुरू केला. मी हिच्याकडं बघितलं. ही पडद्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा लग्नाच्या फोटोतल्यासारखा झाला होता. त्यानंतर मी लाल झालो. मग खांब जवळ आला, 'सोफा कम बेड' ही अक्षरं आडवी झाली, आणि मी दोन यंत्रांच्या मधल्या जागेत मटकन बसलो.

शुद्ध गेली नव्हती, ते एक दुर्दैवच, कारण पुढचं सगळं मी ऐकलं. मुलगी माझ्याजवळ बसून विचारत होती, "काका, काही औषध घेता का? काहीही?" मी ओठ मिटून घेतले. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या बाईनं कपाळावरची पट्टी काढली, माझ्यावर वाकली, आणि मी तिला ओळखलं. दोन चौक पलीकडची औषधवाली. महिनाभर माझ्यामागं वल्ही मारत होती. काउंटरच्या पलीकडं फक्त चष्मा आणि पांढरा कोट बघायची सवय, त्यामुळे मी तिला ओळखलं नव्हतं, आणि घामानं लाल झालेल्या मला तिनंही.

"काका, ती गोळी बंद केलीत का?" तिनं विचारलं. "सहा महिने माझ्याकडून नेताय. असं एकदम बंद करतात का?"

ही माझ्या मागंच उभी होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "कुठली गोळी?"

डॉक्टरांनी काय काय ऐकवलं ते तुला लिहीत नाही, कारण तू तेच ऐकवशील आणि तुझा आवाज मोठा आहे. जिवाचं काही नाही, गोळी पुन्हा सुरू झाली आहे. त्यांचं म्हणणं, एकदम सोडली तर हृदय उलट उसळी मारतं, मी थोडक्यात वाचलो. शिवाय अशी गोळी घेणाऱ्यानं रंगांच्या नादी लागूच नये. बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत चालावं, तोच माझा नारिंगी. म्हणजे हा वर्ग वाईट नव्हे. विमावाल्याला तो मानवतो, ज्याचं हृदय मनात आलं की पळतं त्या कुणालाही मानवेल. मीच तिथं हृदयाला लगाम घालून गेलो होतो आणि शर्यतीत नाव दिलं होतं. कोच मुलगी बिचारी घरी आली, रडवेली होऊन म्हणाली, "काका, फॉर्मवर तेवढं लिहिलं असतंत तर मी तुम्हाला पडद्यावर घेतलंच नसतं." तिची मी माफी मागितली. कुणाची माफी मागून मला आजवर इतकं हलकं वाटलं नव्हतं.

हिनं मात्र दोन दिवस माझं जेवण नुसतं झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी वह्या तपासता तपासता, वर न बघता बोलली.

"मला नारिंगीत गुण का मिळायचे, माहीत आहे?"

मी म्हटलं, "तू छान पळतेस."

"छान पळते! अहो, तुमचा चौकोन राखाडी दिसला की मला वाटायचं, हे थांबतंय. आता थांबणार. तुमचा आकडा उतरला की माझा चढायचा. मला तर तो वर्ग पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आणि मी तुम्हालाच बोलत राहिले."

तिच्या हातातली लाल पेन्सिल थांबली होती आणि कुठल्याशा पोराच्या नकाशावर पाणी पडत होतं. ताई, एवढी वर्षं ती ओरडली की मी घाबरायचो. ती रडली तेव्हा मी जेवढा घाबरलो तेवढा त्या पट्ट्यावरही घाबरलो नव्हतो. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी तिच्याजवळ बसलो, सांगायला तोंड उघडलं, आणि भलतंच बोललो. पण ते इथं लिहिण्याच्या लायकीचं नाही.

असो. भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तब्येतीला जप, आणि कुणी ओला पट्टा घेऊन दारात आलं तर दार लावून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. – लायकीचं नाही म्हटलं ते लिहावंच लागणार, कारण पत्र मुळात त्यासाठीच आहे. ही विचारत होती की एवढी मोठी गोष्ट माझ्यापासून लपवायचं सुचलं तरी कसं. मी म्हणालो, ताईनं सांगितलं. म्हणालो की ताई नर्स आहे, तिला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तीच म्हणाली की वहिनीला एवढ्यात कळवू नकोस, जिवाला लावून घेईल. हिनं ते चटकन मानलं, कारण तुझ्यावर तिचा माझ्यापेक्षा विश्वास आहे. रविवारी ती तुला फोन करणार आहे. तेव्हा 'हो, मीच म्हणाले होते' एवढंच म्हण. आवाज जरा खजील असू दे.

ता. क. २ – पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात ही बाहेरून आली. रविवारपर्यंत तिला धीर निघाला नाही, शाळेतूनच मधल्या सुट्टीत तुला फोन केला म्हणते. काय बोलणं झालं ते सांगत नाही. नुसती माझ्याकडं बघते आहे आणि माझी पिशवी कपाटातून काढून पलंगावर ठेवली आहे. तेव्हा वरची विनंती रद्द समज आणि तुमची मागची खोली किती दिवस मोकळी आहे ते उलट टपाली कळव. जेवायला मला फार लागत नाही, आणि गोळी सोबत घेऊन येतो.