एमट मावशीला पाठ असलेलं पत्र

६ सप्टेंबर १५२१

झालं ते असं —
१. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राची आमची इंग्रजी प्रत बिशपच्या माणसांनी जेंकिन विणकराच्या घरी पकडली. इंग्रजीत बायबल बाळगणं हाच गुन्हा, त्याचा पहिलाच. माफी मागून सुटला.
२. प्रत चौकात जाळली. कातड्याची पानं लवकर पेटत नाहीत, आधी आकसतात.
३. टेकड्यांच्या अलीकडे दुसरी प्रत नाही. पलीकडे असेल तर ठाऊक नाही. कुणाकडे काय आहे हे विचारायचं नाही, असा आमचा नियम. ठाऊकच नसेल तर छळ झाला तरी तोंडून निघत नाही.
४. एमट मावशीला वाचता येत नाही. नवरा वाचायचा आणि ती शेजारी लोकर विंचरायची. ऐकून ऐकून अख्खं पत्र पाठ.
५. आज तिलाही नेलं.

८ सप्टेंबर

बिशपच्या न्यायसभेचे लेखनिक माझे बाबा. हात थरथरतो, म्हणून त्यांच्या शेजारी बसून मीच लिहिते. दप्तरदार ओसबर्नसाहेबांना माहीत आहे. ‘गिल्बर्टचं अक्षर म्हातारपणी फारच नाजूक झालंय,’ म्हणतात, आणि बाकावरचे न्यायाधीश हसतात. मीही त्या इंग्रजी वाचणाऱ्यांतली आहे हे मात्र बाबांनाही माहीत नाही.

जेंकिन मागच्या दाराने आला. पुरावा म्हणून सभा मावशीकडून पत्र म्हणवून घेणार, ते तूच उतरवणार, एक प्रत आपल्यासाठी कर म्हणाला. मी म्हटलं, ती म्हणेल ती प्रत्येक ओळ तिच्याच चितेवर पडणार. तो बाहीवर शिवलेलं मोळीचं चित्र नखाने उसवत होता — माफी मिळालेल्यांची खूण. मावशीच्या बाहीवर ती जुनी आहे.

“दुसऱ्यांदा माफी नसते, थॉमसिन. ती गेल्यात जमा आहे. पत्र तरी वाचव.”

१० सप्टेंबर

मावशीला मधून म्हणता येत नाही. हातांना चाल मिळाली तरच शब्द येतात. रिकामे हात हवेत लोकर विंचरत होते! मेंढी कुठे बांधलीय, असं ओसबर्नसाहेबांनी विचारलं. सगळे हसले. तीही हसली.

तीन अध्याय झाले. दोन राहिले.

११ सप्टेंबर

आज हात मांडीवर. “विसरले मी. वय झालं.” दिवसभर तेवढंच.

बाहेर पडताना ओसबर्नसाहेब बाबांना म्हणाले, म्हातारीला चळ लागलाय, पोपटपंचीला कोण जाळतं? पुढचं काही आलं नाही तर मठात कोंडू, पाव-पाणी देऊ, मरेल आपोआप.

म्हणजे ती जगू शकते!

जेंकिनला सांगितलं. त्याने बोटांवर अध्याय मोजले. मग म्हणाला, “दोन अध्याय राहिलेत ना?”

१२ सप्टेंबर

सभा नव्हती. शाई गाळली.

१३ सप्टेंबर

काम सुरू होण्याआधी लेखनिकाने मागच्या नोंदीचा शेवट वाचून दाखवायचा, ही रीत. बाबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचते. लॅटिन मथळा पुटपुटला असता तरी चाललं असतं. कोण ऐकतंय!

मी तिसऱ्या अध्यायाचा शेवट इंग्रजीत वाचला. स्पष्ट. लोकर विंचरतात त्या चालीत.

मावशीचे हात उठले. तिने आधी हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात मांड्यांखाली दाबून धरले. उपयोग झाला नाही — तोंड सुरू झालं होतं. खांदे हलत राहिले. दोन्ही अध्याय शेवटपर्यंत आले, एक शब्द न चुकता. बाकावर या वेळी कुणी हसलं नाही.

संपल्यावर ती हळूच म्हणाली, “झालं तुझं, पोरी?”

मी ओल्या शाईवर वाळू टाकली. अक्षर सरळ आलं आहे.

१९ सप्टेंबर

जाळलं. ज्यांना माफी मिळाली आहे, त्यांनी मोळ्या वाहायच्या असतात. जेंकिनने सुकी निवडून आणली, लवकर आटपावं म्हणून. बाकीच्यांच्या ओल्या होत्या. खूप वेळ लागला.

मोळी टाकून तो माझ्याजवळून गेला. पत्र तरी वाचलं, म्हणाला.

२ ऑक्टोबर

प्रत शिवून झाली. जेंकिनला राहवत नाही. आणखी एक करून घेतली आणि गुरांच्या व्यापाऱ्याबरोबर टेकड्यांपलीकडच्या आपल्या लोकांना पाठवली. विचारायला बंदी आहे, द्यायला नाही. मावशीचं नाव घालायचं ठरलं होतं. मी घातलं नाही.

२१ ऑक्टोबर

व्यापारी परतला. पलीकडून चिठ्ठी. तशीच उतरवते.

‘प्रत मिळाली. अक्षर सुरेख आहे. याकोबाच्या पत्राच्या दोन प्रती आमच्याकडे आधीपासून आहेत. विचारलं असतंत तर एक दिली असती. पेत्राचं दुसरं पत्र मात्र आमच्याकडचं जळालं. तुमच्यात कुणाला ते पाठ आहे का? पुढच्या महिन्यातल्या सेंट मार्टिनच्या सणाआधी कळवावे.’