सहाच्या घंटेला वळू नये

सोमवार, ३

गंभीर तक्रारीने शुभारंभ करतो. नव्या कचेरीतल्या चहाच्या कपाला कान नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने उकळता कप धरायचा कुठे, याचा विचार या प्रगत संस्थेत कुणीच केलेला दिसत नाही. तक्रारवहीत रीतसर नोंद केली: 'कर्णहीन पात्रामुळे अंगुलिदाह'. विभागप्रमुखांनी (दाढीमुळे मी त्यांना मनातल्या मनात महर्षी म्हणतो) ती वाचली आणि चिपचं काम कधी सुरू करताय, एवढंच विचारलं.

बाकी झकास. स्वतंत्र दालन, लांबरुंद टेबल, बोलायला कुणी नाही. हिने डबा हातात देताना बजावलं, की मागच्या नोकरीत तुम्ही चार डबे घालवलेत. पाचवा आणला नाहीत तर तुम्हीही घरी येऊ नका.

बुधवार, ५

ही विचारत होती, दिवसभर करता तरी काय? सांगितलं, चिपमधलं फ्लिप-फ्लॉप आखतो. म्हणजे शून्य किंवा एक, एवढा एकच आकडा सांभाळणारं चिमुकलं बिऱ्हाड. खोल्या दोन. पहिली आकडा आत घेते. घड्याळाचा ठोका पडला की तिचं दार मिटतं आणि दुसरी तो बाहेर दाखवते. दोन्ही दारं एकदम कधी उघडायची नाहीत. आणि ऐन ठोक्याला आकड्याने हलायचं नाही. हलला तर त्याचा त्रिशंकू होतो, ना धड शून्य, ना धड एक.

आमचं फ्लिप-फ्लॉप चपळ हवं आणि वीज मुंगीएवढी खाणारं हवं. माझा उपाय सोपा आहे: जिथे काही बदलत नाही, तिथे ठोका पाठवूच नये. सगळी वीज तोडावी, आकडा तगेल एवढी सुतासारखी धार ठेवावी. अहवालात तसं लिहून दिलं, महर्षी प्रसन्न झाले.

ही म्हणाली, एवढासा आकडा सांभाळायला एवढा पगार? मी तर तुम्हाला बावीस वर्षं फुकट सांभाळतेय.

सोमवार, १०

आमच्या दालनाचा दरवाजाही फ्लिप-फ्लॉपच निघाला! धूळ आत येऊ नये म्हणून दोन दारं, मधे कपाटाएवढी खोली. संध्याकाळी सहाला आतल्या दाराने तिथे जायचं, ते मिटतं, घंटा होते, मग बाहेरचं उघडतं. मधे एक दिवा. उंबऱ्यावरचा दिवा आतही उजेड पाडतो आणि बाहेरही, हा देहलीदीपन्याय मी दारावरच्या रखवालदाराला समजावला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, ते ठीक आहे साहेब, पण घंटा होताना वळू नका. का, विचारलं. तर म्हणे, तुमच्या आधीच्या साहेबांनीही हेच विचारलं होतं.

गुरुवार, १३

सहा वाजता मधल्या खोलीत उभा होतो. आतलं दार मिटत आलं आणि आठवलं, डबा टेबलावरच राहिला. वळलो. त्याच क्षणी घंटा झाली.

सगळं थरथरलं. मी आत आहे की बाहेर, ते ठरेना. किती वेळ, सांगता येत नाही.

मग मी आत, दालनात होतो. दार मिटलेलं. दोन्ही दारांच्या काचांतून रस्ता दिसत होता. माझा कोट घातलेला एक माणूस निवांत निघाला होता. स्वतःचं टक्कल मागून मी प्रथमच पाहिलं.

त्याचे हात रिकामे होते.

शुक्रवार, १४

दार उघडत नाही. टेबलावरच्या फोनवरून रखवालदाराला गाठलं. तो हसला. म्हणाला, साहेब तर काल सहालाच गेले, वहीत सही आहे. आत्ता विभागप्रमुखांपुढे बसलेत, काम संपल्याचा कागद देताहेत. तुम्ही जो कोण असाल, आवाज मात्र हुबेहूब काढता हो.

दुपारी पुन्हा केला. म्हणाला, ते दालन बंद झालं. तिथे आता घंटा व्हायची नाही.

घंटा नाही, तर दार नाही. उपाय माझाच. माझ्याच अहवालाचं पान चौथं.

रविवार, १६ (वार फोनवर कळला)

दिवे गेले. टेबलावरचा एकच आहे, सुतासारखा.

घड्याळात सहाच. दाढी वाढत नाही. भूक नाही. डबा उघडला — अजून गरम. गुरुवारचा चहा तसाच उकळता. कप धरवत नाही.

घरी फोन केला. मी बोलतोय म्हटलं. ही म्हणाली, कसली भलती थट्टा, आमचे हे इथे समोर पेपर वाचताहेत. मागून कुणीतरी विचारलं, कोण आहे गं?

माझा आवाज.

मंगळवार बहुधा

आवाज बदलून पुन्हा फोन. कचेरीतून बोलतोय, साहेबांची काही तक्रार आहे का —

हिला बोलायला विषयच मिळाला. म्हणाली, अहो, काय जादू केलीत? बावीस वर्षं मिठापासून पाण्यापर्यंत कुरकुर ऐकली. आता गार चहाही मुकाट पितात. डबा विसरून आले, मी ताडताड बोलले, तर नुसते हसले. घर कसं शांत झालंय.

मग म्हणाली, तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय. कोण तुम्ही?

सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं —

फोन मीच ठेवला.

तारीख —

दिवा आणखी बारीक. एवढीही वीज कशाला, असं महर्षींना आता सुचलं असेल. मला सुचलं असतं.

दाराची भीती गेली. अंधाराचीही नाही फारशी. खरं सांगायचं तर काळजी एकच. ही सुखात आहे. उद्या घंटा झाली, दार उघडलं, मी डबा घेऊन घराच्या उंबऱ्यात उभा राहिलो, आणि तिने आम्हा दोघांकडे नीट पाहून जर —