धूमावतीच्या कडक स्प्रिंगा

गंगाखेड,
दि. ६ फेब्रुवारी १९९४

वालुकाकेसरी, धूलिधुरंधर, मित्रवर्य सिताराम यांस
दिनकररावाचा सप्रेम जयभीम.

येथे सर्व क्षेम. तेथील क्षेमाचे वर्तमान तुझ्या एकोळी कार्डांतून कळण्यासारखे नसल्याने गृहीत धरतो.

पाकिटावरचा पत्ता पाहिला असशीलच. आपली शाळा सोडून तू औरंगाबादेस रुजू झालास तेव्हा बजावले होतेस, "नुसतं विद्यापीठ लिहा सर, पुढं जागा मोकळी ठेवा. नाव आल्यावर भरू." ती जागा मी प्रत्येक पाकिटावर इमानेइतबारे राखली. गेल्या महिन्यात नामांतर होऊन नाव आले, आणि असे भरघोस आले की तिकिटास कोपऱ्यात अंग चोरून बसावे लागले. माझ्या अक्षराचे यापूर्वी असे सार्थक झाले नव्हते.

असो. प्रस्तुत पत्राचे प्रयोजन निव्वळ तांत्रिक आहे.

होळीनंतरच्या रविवारी गोदावरीच्या वाळवंटातील शर्यत पुनश्च भरणार आहे. कारखान्यावरच्या तरुणांनी मला न विचारता माझे नाव स्पर्धकांच्या यादीच्या शिरोभागी घातले आहे. तेव्हा प्रश्न असा की, आपल्या समाईक फटफटीस, म्हणजे धूमावतीस, कोणता क्लच बसवावा? साडेतीनशे सीसीची ही देवता सोमवार ते शनिवार मला शाळेत नेते, आणि तिने रविवारी वाळूत पराक्रमही गाजवावा अशी अपेक्षा. एका क्लचाने दोन्ही धर्म कसे पाळावेत?

पूर्वपक्ष असा: स्प्रिंगा कडक असाव्यात. मग प्लेटा एकमेकींस घट्ट धरतात आणि इंजिनाचे सर्व बळ चाकास पोचते. परंतु फाटकापाशी मालगाडीची प्रतीक्षा करीत क्लचची दांडी दाबून धरावी, तर तळहातास वैराग्य येते. उत्तरपक्ष: स्प्रिंगा मऊ असाव्यात. दांडी लोण्यासारखी दबते. परंतु वाळूत वेग द्यावा, तर प्लेटा घसरतात, इंजिन गर्जते, जळका वास सुटतो आणि वाहन जागच्या जागी कीर्तन करते. मध्यम स्प्रिंगा घालून एक प्लेट वाढवावी, असा सिद्धान्त मी चंद्रभान मिस्त्रीपुढे मांडला. तो म्हणाला, "आत जागाच न्हाई सर. प्लेट काय माझ्या डोक्यावर ठिऊ?"

शास्त्रार्थ तेथेच खुंटला.

आपण या प्रश्नाचे उत्तर कधी शोधलेच नाही, सिताराम. आपण ते दर आठवड्यास पुढे ढकलले. शनिवारी सायंकाळी अंगणात वर्तमानपत्र अंथरायचे, इंजिनाचे झाकण काढायचे आणि तुझ्या कडक स्प्रिंगा आत. रविवारी तू वाळवंटात रॉकेलच्या डब्यांना वळसे घालायचास, आणि मी ध्वनिक्षेपकावरून तुझे असे वर्णन करायचो की श्रोत्यांस गाडी दिसेनाशी व्हावी. सोमवारी पहाटे पुन्हा माझ्या मऊ स्प्रिंगा. एका सोमवारी आपण विसरलो. शाळेच्या दारात मी दांडी सोडली आणि मुख्याध्यापक दत्तरावांच्या साक्षीने माझे पुढचे चाक स्वर्गाच्या दिशेने निघाले. "दिनकरराव, हजेरीपटावर सही करून मग जा की वर!" हे त्यांचे उद्गार अद्याप शिक्षककक्षात चालतात.

त्या दिवशी तू एक वाक्य बोलला होतास. "कुठल्या स्प्रिंगा घालायच्या ते हाताला इचारावं सर, पुस्तकाला न्हाई."

तर विचारले.

दिवाळीपासून दांडी जड लागू लागली. केबल बदलली, तेल सोडले, मऊ स्प्रिंगांच्या जागी अधिक मऊ आणल्या. जानेवारीत एकदा फाटकाशी गियर टाकून, दांडी दाबून उभा होतो. केबल शाबूत होती, दांडी शाबूत होती. हात आपोआप उघडला. धूमावतीने पुढच्या बैलगाडीतील कापसास साष्टांग नमस्कार घातला. कापूस मृदू असल्याने हे पत्र लिहिता येत आहे.

चंद्रभानने दांडी दाबून पाहिली. दोन बोटांनी. "सर, ही तर लेकरू बी दाबंल," म्हणाला, आणि उगाच चाकाची हवा पाहू लागला.

आमच्या सौ. सुमनबाईंस मात्र अशी भीड पडत नाही. "केबल झाली, स्प्रिंगा झाल्या. आता ऱ्हायला तो हात. तो कुठल्या दुकानात भेटतो ते इचारा सितारामभावजींना."

नांदेडच्या डॉक्टरांच्या मते मानेतून डाव्या हातास जाणारी नस निकामी होत चालली आहे. बळ परत येईल काय, असे मी विचारले. त्यांनी पुढच्या रुग्णास हाक मारली.

माझे अक्षर पाहून फसू नकोस. लिहिणारा हात उजवा आहे. हा कागद सरकू नये म्हणून त्यावर पोळपाट ठेवला आहे.

म्हणून मी निर्णय घेतला आहे, आणि वर विचारलेला प्रश्न निव्वळ लोकाचारापुरता होता हे आता मान्य करतो. तुझ्या कडक स्प्रिंगा मी तेलाच्या डब्यात जपल्या होत्या. काल शनिवार होता. अंगणात वर्तमानपत्र अंथरले आणि चंद्रभानकडून त्या बसवून घेतल्या. नंतर मी डाव्या हाताने दांडी दाबून पाहिली. तसूभर हलली नाही. धूमावती आता मला जुमानत नाही, याचे दुःख होईल असे वाटले होते. झालेही. परंतु ती आता केवळ तुझ्याच हाताची आहे, हे कळून दुःखास बसायला एक जागा मिळाली.

यादीतील माझे नाव मी खोडले असून तेथे तुझे लिहिले आहे. शर्यत आटोपली की मला मागे बसवून त्या वाळवंटात एक फेरी मार. मागच्या कडीस धरायला एक हात पुरतो. माझ्यावर दया करून गाडी हळू चालवलीस, तर आपले संबंध तत्क्षणी संपुष्टात येतील.

उद्या सोमवार आहे. स्प्रिंगा बदलणार नाही.

मागील आसनावर तुझी वाट पाहणारा,
दिनकर