दोन तुकड्यांची काठी

अमरावती
गुरुवार, दि. ८ जून १९६१, अधिक ज्येष्ठ

ती. स्व. मोरूदादास,
विमलचा साष्टांग नमस्कार.

रविवारी पार्सल पोचलं. अनारसे तेहेतीस, त्यातले चार मोडले. चांदीची समई, बारा रुपये. धोतरजोडी, सोळा रुपये. बिलियर्डची नवी काठी पेटीसकट, पंच्याण्णव रुपये. तुझ्या पावत्या आतच राहिल्या होत्या, म्हणून आकडे कळले. धोंड्याच्या महिन्यात जावयाला एवढं वाण अकोल्यात कुणी दिलं नसेल. वहिनींनी अनारशांना जाळी सुरेख पाडली आहे.

जुनीपेक्षा नवी काठी जावईबापूंना कशी वाटते ते सविस्तर कळव, असं तू लिहिलंस. कळवते.

जुनी मामंजींच्या वेळची. अखंड एका लाकडाची, माझ्या कपाळाला लागेल एवढी उंच. मुठीकडे जड. हे म्हणत, चेंडूला टोक लागलं की तो कुठे जाणार ते मनगटाला आधी कळतं. नवी हलकी आहे, चकचकीत आहे, मुठीला दोरा गुंडाळलेला आहे. मधोमध पितळी आटे आहेत. फिरवले की दोन तुकडे होतात आणि पेटीत बसतात. रविवारी हे लहान मुलासारखे खूष होते. लेकीला, चारूला, दोनदा जोडून दाखवली.

सोमवारी क्लबात नेली. तिथला देवराव, टेबलाची व्यवस्था बघतो तो, ह्यांना म्हणाला, "साहेब, जुनी आपल्या मनानं चाले. हिले चालवा लागते." हे त्या संध्याकाळी खुशालराव वकिलांकडून हरले. चार लोकांत खुशालराव हसून म्हणाले म्हणे, "काठी सासरची, हात कोणाचा?"

दादा, मॅट्रिकच्या परीक्षेत मी एकही प्रश्न सोडला नव्हता. इथेही सोडत नाही. तू विचारलंस तेवढं लिहून पत्र बंद करणार होते. पण जुन्या काठीचं मला मुठीकडून काही ठाऊक नाही. मला ती पाठीकडून ठाऊक आहे. ती पडली की आवाज कमी होई आणि आठवडाभर कूस बदलता येत नसे. मागच्या श्रावणात माझं डावं मनगट तू पाहिलंस. तूच म्हणालास, "जुन्या बनावटीची काठी फार जड असते गं." आणि मग वहिनींनी पानं वाढली म्हणून आपण उठलो.

तू हलकी निवडलीस. का निवडलीस ते मला पेटी उघडतानाच कळलं. तुझं वाईट मनात नव्हतं हेही कळलं.

पण तुला एक ठाऊक नव्हतं. आमचं स्वयंपाकघर ठेंगणं आहे, दारावर फळी आहे. अखंड काठी तिथे फिरवता येत नसे, फळीला अडे. आठ वर्षं, हे हरून आले आणि मला वेळेत गाठता आलं, की मी स्वयंपाकघरात जाऊन देवांपुढे बसत असे. हे दारात उभे राहून बोलत, चौकटीवर काठी आपटत आणि थकून जात. चारूलाही मी तेच शिकवलं होतं.

सोमवारी दिवेलागणीला हे आले. आम्ही दोघी आत गेलो. चारू पानं मांडत होती. ह्यांनी दारात उभं राहून पितळी आटे सावकाश फिरवले, डब्याचं झाकण फिरवावं तसे. टोकाकडचा तुकडा पाटावर ठेवला आणि मुठीचा घेऊन आत आले. "तुझ्या भावाला डोकं आहे हं," म्हणाले.

पहिला माझ्या खांद्यावर. दुसऱ्याला चारू मध्ये आली. तिच्या कानावर बसला. दहा वर्षांची पोर, ओरडलीही नाही, मांडलेल्या ताटांवर पडली. कानातून रक्त वाहून भातात गेलं. ह्यांचा हात पुन्हा वर गेला होता. तिच्यावर.

पाटावरचा तुकडा मी उचलला. देव समोर होते, समई तेवत होती, तूच पाठवलेली. मी मारलं. पितळेकडची बाजू पुढे होती. पहिल्या फटक्याला खांद्याचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं, दादा, आणि तरी मी थांबले नाही. हे खाली बसले त्यानंतरही दोनदा मारलं. हलकी काठी हातात कशी लागते ते आता मी सांगू शकते. हाताला काहीच श्रम होत नाहीत. त्याचीच मला भीती वाटली. चारूनं पदर ओढला म्हणून थांबले, नाहीतर आज हे पत्र मी कुठून लिहिलं असतं देव जाणे.

समोरच्या इंदूबाई धावत आल्या. रक्त पाहून त्यांनी आधी दार लावलं. म्हणाल्या, "बाई, इतके दिवस काहून सोसून राहिल्या होत्या तुमी?" डॉक्टरांना ह्यांनीच सांगितलं, मोरीत घसरलो. बायकोनं मारलं हे कोणत्या तोंडानं सांगणार? चारूला त्या कानानं ऐकू येत नाही. पोथी वाचताना ती आता माझ्या उजवीकडे बसते.

मी ह्यांना भरवते, औषध देते. तीन दिवसांत हे माझ्याशी एकच वाक्य बोलले. "पट्टी सुटू दे."

पट्टी सव्वीस तारखेला सुटणार आहे.

मुराळी आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही, म्हणून मी दर वेळी तुझी वाट पाहिली. पट्टी सुटण्याआधी ये. दिवाळीपुरतं न्यायला येऊ नकोस, आम्हा दोघींना कायमचं न्यायला ये. जमणार नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी रागावणार नाही. दर्यापूरला माझी शाळेतली मैत्रीण माणिकबाई मास्तरीण आहे, खालच्या वर्गांना शिकवायला बाई हवी म्हणते. मुराळी नसला तरी मी चारूला घेऊन मोटारीत बसेन.

टपाल हे स्वतः फोडतात, म्हणून पत्र इंदूबाईंच्या नावे घाल. वहिनींना विचारून लिहू नकोस. तू ठरव आणि उलट टपाली कळव, येतोस की नाही.

तुझी धाकटी बहीण,
विमल