एक फणस, पन्नास साग

१२ जानेवारी १९९७
पेपरात आलंय, पृथ्वी तापतेय. अख्ख्या येलहंकात कुणाला पत्ता नाही! मी रिटायर होऊन नुसता बसलोय. काहीतरी केलंच पाहिजे. उद्यापासून.

१९ जानेवारी
आज चिकपेटेच्या बाजारात जुन्या ओळखीचा शेषगिरी भेटला. हल्ली एका बागायत कंपनीचा एजंट आहे. आपण पैसे घालायचे, कंपनी डोड्डबळ्ळापूरकडे आपल्या नावानं साग लावणार. साग हवा शुद्ध करणार, वीस वर्षांनी लाकडाचे दसपट पैसे. पृथ्वी थंड, खिसा गरम! असं डोकं आपल्या लोकांत का नसतं?

२ फेब्रुवारी
अडचण पैशाची. पासबुक वसुमतीकडे, आणि बायको एकदा नको म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नकोच. दुपारभर परसातल्या फणसाखाली बसून विचार केला. मग वर बघितलं. सापडला उपाय!

३ फेब्रुवारी
फणस वसुमतीनं लग्नाच्या वर्षी लावलेला. स्मृती त्याच्या फांदीवरच्या झोपाळ्यावर वाढली, आता सासरी असते. वसुमतीला धाप लागते, उन्हाळ्यात ती दिवसभर त्याच्याखालीच असते. सगळं कबूल. पण भावना वेगळी, हिशेब वेगळा. एक फणस जाणार, पन्नास साग येणार. याला नाही कोण म्हणेल?

४ फेब्रुवारी
वसुमती नाही म्हणाली.

२० फेब्रुवारी
ती धारवाडला दत्ताकडे, म्हणजे भावाकडे गेलीय. फणसाला गिऱ्हाईक शेषगिरीनंच आणलं. माणसं त्याची, करवत त्याची, लॉरी त्याची. केवढी सोय! पडताना आवाज फार झाला. मी आत जाऊन रेडिओ मोठा केला.

२४ फेब्रुवारी
वसुमती आली. परसात बराच वेळ उभी राहिली. मी सर्टिफिकेट दाखवलं, पन्नास सागांचं, हिरव्या शाईत. ह्याच्या सावलीत बसू का, असं तिनं विचारलं. थट्टा सुचतेय म्हणजे राग उतरला.

१ मार्च
उतरलेला नाही. स्वल्प वेळ लागेल.

११ एप्रिल
घराची भट्टी झालीय. वसुमतीची धाप वाढली. डॉक्टर म्हणाले, गारव्यात ठेवा. टेबलफॅन आणला. लगेच वीज गेली. वीज बोर्डाला कडक पत्र लिहायचं. तरी मी म्हणतच होतो, पृथ्वी तापतेय. पण घरात ऐकतं कोण?

६ मे
शेषगिरीचं नवं ऑफिस पाहिलं. काय थाट! भलंथोरलं टेबल, पिवळंधमक लाकूड. एका पायाला मात्र दोर काचल्यासारखा खोल वळसा. सुतार हलगर्जी, मी तोंडावर सांगितलं. शेषगिरी हसून म्हणाला, अण्णा, जुन्या लाकडाची मजाच ती. त्या टेबलावर हात ठेवला की फार विश्वास वाटतो. का कोण जाणे, घरच्यासारखं वाटलं. साग बघायला कधी येऊ, विचारलं. पाऊस संपू द्या म्हणाला. सरी, बरं तर, म्हटलं.

१४ डिसेंबर
जपानात जगभरच्या सरकारांची सभा झाली, पृथ्वी तापतेय म्हणून! मी जानेवारीतच ओळखलं होतं. वसुमतीला तसं सांगितलं. ती म्हणाली, पाणी तापलंय, आंघोळ करून घ्या. त्याच पेपरात खाली होतं की सागवाल्या कंपन्यांवर सरकार नियम आणणार. आणा की. लबाडांना आणा.

१८ जानेवारी १९९८
एकटाच बसनं साग बघून आलो. कंपनीचा बोर्ड छान आहे. बाकी खडक आणि मेंढरं. मेंढरंवाला म्हणाला, रोपं लावून फोटो काढले, नंतर पाणी घालायला कुणी आलं नाही. मेंढरं धष्टपुष्ट होती. मुळं जमिनीत असणारच. वसुमतीला म्हटलं, प्रगती समाधानकारक.

२ फेब्रुवारी
शेषगिरी पसार! ऑफिसात ही गर्दी. मी सगळ्यांना धीर देत होतो, तेवढ्यात लोकांनी खुर्च्या, पंखे, टाइपरायटर सगळं उचललं. उरलं ते टेबल, कुणाला उचलेना म्हणून. टेम्पो करून घरी आणलं. अगदीच काही हात हलवत आलो नाही.

वसुमती बाहेर आली. टेबलाभोवती फिरली. मग खाली बसली आणि पायाच्या त्या वळशातून बोट फिरवत राहिली. म्हणाली, हा स्मृतीच्या झोपाळ्याचा दोर. मी म्हटलं, कशावरून? ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी हमालांना चहा दिला.

१० एप्रिल
वसुमतीनं टेबल घरात घेऊ दिलं नाही. झाड होतं त्या जागी ठेवायला लावलं. परवा ती धारवाडला गेली. दत्ताच्या परसात अजून झाडं आहेत, तिथं मला श्वास येतो, म्हणाली. परत कधी, ते बोलली नाही.

दुपारी घरात बसवत नाही. टेबलाखाली चटई टाकून पडतो. डोकं मावतं. पाय उन्हात राहतात.