टीम जिंकली तर

४ जाने., रवि.
धरणगावला आपली कबड्डी टीम हरली. अकरा गुणांनी. हे जाऊन आठ महिने झाले, तरी टेम्पोत चढलेच. ड्रायव्हरच्या मागे, फळीला टेकून ह्यांची जागा. तिथे आता मी बसते. कंबर दुखते.

६ जाने.
पेपरात खेळाच्या पानावर हरल्याच्या दोन ओळी. वाचायला मी लग्नानंतर ह्याच पानावर शिकले, अक्षराला अक्षर जोडत. मग ह्यांना मीच वाचून दाखवायचे. "शेवटी काय झालं ते वाच ना." ते कधी छापलेलंच नसायचं.

११ जाने., रवि.
पारावर जुनी चेष्टा निघाली. भाऊ मैदानात आला की टीम गेली. बावीस वर्षं ह्यांना पनवती म्हणाले. हे हसायचे. पण एका सामन्याला मुद्दाम घरी राहिले, भिंतीकडे तोंड करून पडून. टीम तरीही हरली. त्या दिवशी एक भाकरी जास्त खाल्ली ह्यांनी.

१८ जाने., रवि.
पारोळ्याची स्पर्धा. जिंकलो! टाळ्या वाजवता वाजवता हात थांबले. येताना टेम्पोत नाना म्हणाले, "भाऊ गया, टीम सुटनी." नाना टीमला शिकवतात, ह्यांचे लंगोटीयार. सगळे हसले. मग माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर बघायला लागले.

२१ जाने.
पाचोऱ्यालाही जिंकलो. रविवारी धुळ्याला फायनल. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि मी ताट सरकवून उठले. जिंकले तर गाव म्हणणार, बघा, भाऊच पनवती होता. कायमचं. उत्तर द्यायला हे नाहीत. हरले तर...
हरावं असं मनात आलं. लिहून ठेवते, लाज वाटते म्हणून.

२३ जाने.
सोपान आला होता, आपला चढाईवाला. जायचं नाही म्हटलं, पाय दुखतात. म्हणाला, "अक्का, भाऊनी जागा ठेयेल शे. तुम्ही नई तर टेम्पो हालाव नई."
ह्यांची जागा राखून ठेवलीय तर. गुडघ्याला तेल लावलं.

२५ जाने., रवि., धुळे
मध्यंतर. दोन गुणांनी मागे. मैदानाच्या कडेला बसून लिहितेय.
पहिला अर्धा वेळ तोंडाला पदर लावून बसले होते. मग सोपान एकटा तिघांच्या कचाट्यात सापडला, आणि माझ्या तोंडून निघालं, "सुट रे, सुट!" एवढ्या मोठ्याने की नाना वळले. "अक्का, हळू. घसा बसीन."
बसू दे. ह्यांना नावं ठेवतील, ठेवोत. ह्यांना जिंकलेलं पाहायचं होतं. मला आता दुसरं काही...
शिट्टी झाली. पोरं उतरली. चढाई आपली.