बाबा आधीच उत्तर देतात

३ फेब्रु., मंगळ
इंग्रजीच्या परीक्षेत पुन्हा साडेसहा. लिसनिंगला सात हवेत. बाकी वाचणं, लिहिणं, बोलणं सगळं पास, आणि ऐकण्यात अर्ध्यासाठी घोडं अडलंय. परदेशातलं ते हॉस्पिटल महिनाअखेरपर्यंत थांबतंय, मग दुसरी नर्स बघणार. म्हणजे २१ ची परीक्षा शेवटची.
घरी सांगितलं नाही. आई गेल्यापासून घरात सांगायला बाबाच. त्यांना वाटतंय इथल्याच हॉस्पिटलचं काही ट्रेनिंग आहे.

५ फेब्रु., गुरु
क्लास. सर म्हणाले, "टेप सुरू व्हायच्या आधी गाळलेली जागा बघा आणि ठरवा, इथे काय येणार. आकडा? वार? वस्तू?"
माझा अंदाज चांगलाच आहे, तिथेच गोची. हॉटेल बुकिंगवाली बाई मंगळवार म्हणणार वाटलं, म्हणालीही. मी लिहून मोकळी. पुढे ती म्हणते, नको, गुरुवारच बरा. त्या दुःखात पुढच्या दोन जागा कोऱ्या. टेप एकदाच वाजते.

८ फेब्रु., रवि
सुट्टी. बाबांचा डबा घेऊन दापोड्याला, त्यांच्या गोडाऊनवर. गेटवर वॉचमन असतात. तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढली, त्या खडखडाटात कान तिथेच गेले. मी घेतलेलं कानाचं मशीन कपाटात. म्हणे, "त्यात सगळ्या गावाचा आवाज येतो." मग गेटवर चालतं कसं? मी खुर्ची टाकून बघत बसले.
ड्रायव्हरने तोंड उघडायच्या आत बाबा, "सीधा जाके लेफ्ट." दुसऱ्याला, "साहब खाना खाने गया, आधा घंटा." तिसऱ्याला नुसतं बोट, पाण्याच्या माठाकडे. मी हातावर पेनाने खुणा करत होते. दहापैकी नऊ बरोबर. अरे, हेच तर सर फी घेऊन शिकवतात.
दहाव्याच्या कपाळाला आठी पडली. बाबांनी लगेच हात केला, थांब, परत बोल.

११ फेब्रु., बुध
समोर बसून विचारलं, ओठ दिसतील असं. कसं कळतं हो बाबा?
"लूमवर ऐकतंय कोण? मानूस येताना चालीवरून कळायचं, याचा तार तुटलाय का याला चहा पायजे."
आणि चुकलं तर?
"चुकलं तर चुकलं. मागं दुसरी गाडी उभी हाय ना."
लिहून ठेवलं. आजवरच्या सगळ्या नोट्सपेक्षा कामाचं.

१६ फेब्रु., सोम
नवी पद्धत. अंदाज समासात, पेन्सिलीने, बारीक. बोलणाऱ्याचं वाक्य पुरतं संपल्यावरच उत्तर. चुकलं की मनात, मागे गाडी. चाळीसपैकी एकतीस! तेवढ्यावर सात मिळतात.
सरांनी विचारलं, काय केलंत? म्हटलं, वडिलांकडे शिकवणी लावली. त्यांना थट्टा वाटली.
आनंद झाला. मग रिक्षात बसल्यावर मनात आलं. मी गेले तर फोनवर बाबांना माझे ओठ कसे दिसणार? व्हिडिओ आहे म्हणा. पण बाबा फोन कानालाच लावतात, सवयीने.

२१ फेब्रु., शनि
झाली परीक्षा. हेडफोनमध्ये एक म्हातारा म्युझियमबद्दल बोलत होता, फार गोड. दोन जागा सुटल्या. सोडल्या. मागे गाडी होती.
निकाल चार-पाच दिवसांत. कसं गेलं, खरंच सांगता येत नाही.

२२ फेब्रु., रवि, सकाळ
दुपारी जेवताना सांगणार. निकाल लागो न लागो. अंदाज लिहून ठेवते:
१. गप्प बसतील.
२. "माझं काय, मी हाय."
३. "जेवून घे."

तोच दिवस, दुपार
ताटं वाढली, समोर बसले. तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "तिकडं थंडी लय असते म्हणतात. मोजे घेऊन ठेव."
माझा घास हातातच. कोणी सांगितलं तुम्हाला?
"कुणी न्हाय. आधी ओट्याकडनंच वरडायचीस. महिना झाला, समोर येऊन बसतेस. मानसाला कायतरी मोठं सांगायचं असलं की समोर येतो. आन् ती इंग्रजीची पुस्तकं काय हितल्या ट्रेनिंगला लागत्यात?" मग वरणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "किती वर्सं?"
हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. डोळे भरले, ते दिसू नयेत म्हणून खिडकीकडे तोंड केलं, आणि मी तिकडेच बघत म्हणाले, तीन. निदान तीन.
बाबांनी माझ्या ताटात भात वाढला. मग, "जेवून घे."
तिसरा अंदाज बरोबर. पण माझे ओठ तर खिडकीकडे होते. त्यांना आकडा कळला, की नुसती माझी मान बघून म्हणाले? परत समोर तोंड करून सांगायला हवं होतं. मी भात कालवला.